दिव्यांगांचा खेळ : इस्पितळातून जिल्ह्यापर्यंत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत आपल्या अंध मुलीला पोहण्याच्या स्पर्धेत उतरवू पाहणारे पालक पहिली चौकशी बहुधा विशेष शाळेत करतात. जलतरण संघटनेकडे जावे, हे त्यांना सहसा सुचत नाही. यात त्यांची चूक नाही. दिव्यांगांच्या खेळाला आधार देणाऱ्या संस्था ज्या क्रमाने उभ्या राहिल्या, त्या क्रमातच या सवयीचे मूळ आहे.

कर्णबधिरांनी १९२४ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या जागतिक स्पर्धा भरवल्या होत्या. इतर दिव्यांगांचा संघटित खेळ मात्र रुग्णालयातून आला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयाच्या आवारात मज्जारज्जूला इजा झालेल्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. उपचाराचा भाग म्हणून सुरू झालेल्या या खेळाच्या संघटनाही पुढे अपंगत्वाच्या प्रकारानुसार निघाल्या : व्हीलचेअर वापरणाऱ्यांची वेगळी, मेंदूच्या पक्षाघाताची वेगळी, अंधांची वेगळी. आशिया व पॅसिफिकमधील देशांच्या स्पर्धा १९७५ पासून जपानमधील ओइता येथून सुरू झाल्या, तर आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती १९८९ मध्ये स्थापन झाली.

महाराष्ट्राची कहाणीही हीच वाट दाखवते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर उपचारांच्या काळात पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्यामागे उभे राहणाऱ्यांत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था होती. भारताची पॅरालिंपिक समिती स्थापन झाली ती १९९२ मध्ये, म्हणजे त्या सुवर्णपदकानंतर वीस वर्षांनी, आणि हे अंतर मला आजही बोचते.

तोवर मुंबई परिसरात हे काम पुनर्वसनाच्या संस्थांनीच सांभाळले होते. त्यात १९५२ साली मुंबईत स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आघाडीवर होती. आपल्याकडे ठाणे महापालिकेची जिद्द शाळा आणि नवी मुंबई महापालिकेचे वाशीतील ईटीसी (दिव्यांगांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवा) केंद्र या महत्त्वाच्या संस्था शिक्षण व उपचारांसाठी उभ्या राहिल्या. खेळ हा त्यांच्या कामाचा एक भाग. त्यात १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्हा मोखाडा-जव्हारपर्यंत पसरलेला होता. तिथल्या दिव्यांग मुलाला सरावासाठी ठाणे शहर गाठणे म्हणजे दिवस मोडणेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० ने त्यांचा खेळात सहभागाचा हक्क मान्य केला आणि क्रीडा यंत्रणांनी त्यासाठी सोयी कराव्यात, अशी जबाबदारीही घातली.

त्या सोयी म्हणजे काय, हे तलावाच्या काठावर नीट कळते. अंध मुलगी पोहत भिंतीजवळ येते, तेव्हा काठावरचा सहायक टोकाला मऊ गोळा लावलेल्या लांब काठीने तिला हलकेच स्पर्श करतो. त्या खुणेवर तिला वळायचे असते. खूण उशिरा झाली तर डोके भिंतीवर आपटते, लवकर झाली तर वेळ जातो. तलावाच्या दोन्ही टोकांना असा एकेक माणूस लागतो आणि त्याचा हात बसायला महिनोन्‌महिने तिच्याबरोबर सराव करावा लागतो. बहुतेक वेळा एका टोकाला तिची आई उभी असते.