हवाई दलाची फ्लाइंग शाखा: अर्ज नेमका कुठे अडतो

पदवीनंतर हवाई दलात वैमानिक व्हायचे, तर मुलामुलींसाठी रुळलेली वाट ॲफकॅटची, म्हणजे हवाई दलाच्या सामाईक प्रवेश परीक्षेची. जाहिरात वर्षातून दोनदा निघते, अर्ज ऑनलाइन असतो आणि परीक्षा संगणकावर होते. एवढे सगळ्यांना जमते. बाद होणारे बरेचसे पात्रतेच्या ओळी घाईत वाचल्यामुळे होतात.

आधी वय. २० ते २४ ही अट अर्जाच्या दिवसाची नाही, प्रशिक्षण सुरू होते त्या महिन्याची आहे. जानेवारी २०२६ च्या तुकडीसाठी जन्म २ जानेवारी २००२ ते १ जानेवारी २००६ यांदरम्यान हवा होता, आणि तिची परीक्षा जवळपास वर्षभर आधी झाली. डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) चालू कमर्शियल पायलट लायसन्स असेल, तर वरची मर्यादा २६.

सगळ्यात जास्त मुले बारावीवर अडतात. गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत वेगवेगळे किमान ५० टक्के लागतात. एकात ९० आणि दुसऱ्यात ४९ असतील तर उपयोग नाही, सरासरी कोणी काढत नाही. गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांनी पुढे कितीही चांगली पदवी मिळवली, तरी ती उणीव भरून निघत नाही. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलेल्यांकडे तर बारावीची गुणपत्रिकाच नसते. त्यांनी शुल्क भरण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीतली डिप्लोमाबद्दलची ओळ शब्दन् शब्द वाचावी.

पदवी कोणत्याही शाखेची चालते, ६० टक्के हवेत. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो. मात्र एकही एटीकेटी शिल्लक नको आणि जाहीर झालेल्या निकालांपर्यंत ६० टक्के हवेत. सीजीपीए मनाने दहाने गुणू नका. विद्यापीठाचे सूत्र वापरा आणि टक्केवारीचे पत्र आत्ताच मागून ठेवा. परीक्षा विभागाच्या खिडकीवर या एका पत्रासाठी आठवडे जातात, आणि मुलाखतीचे बोलावणे तेवढे थांबत नाही.

जन्मतारखेसाठी दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र काढून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र यांच्यावर विसंबू नका. आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा: बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. अर्जात दहावीप्रमाणेच लिहा आणि आधारमधली दुरुस्ती जाहिरात निघण्यापूर्वी करून घ्या. जातीच्या दाखल्यासाठी धावपळ नको, इथे आरक्षण नाही.

एएफएसबीत, म्हणजे ॲफकॅटनंतर मुलाखत घेणाऱ्या हवाई दलाच्या निवड मंडळात, पहिल्या दिवशी छाननी होते. त्यात राहिलेल्यांच्याच पुढच्या चाचण्या होतात. फ्लाइंगसाठी वेगळी असते ती सीपीएसएस, म्हणजे वैमानिक होण्याची क्षमता तपासणारी संगणकीय चाचणी. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. एनडीए, सीडीएस, ॲफकॅट, कुठल्याही वाटेने गेलात तरी तीच एक संधी. त्यात उपकरणांच्या तबकड्या वाचायच्या असतात, यंत्रावर हात आणि पाय एकाच वेळी चालवायचे असतात. म्हणून अपुऱ्या झोपेने किंवा अंगात ताप घेऊन तिथे बसू नका, आणि सूचना सांगितल्या जात असताना दुसरा विचार नको.

वैद्यकीय तपासणीत उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, पण खरी अडचण पायांच्या लांबीची असते: किमान ९९, कमाल १२०. बसलेली उंची ८१.५ ते ९६, मांडी ६४ पर्यंत. भिंतीला टेकून ही मापे घरीच घ्या. डोळ्यांत मायोपिया (लांबचे अंधुक दिसणे) चालत नाही, रंगदृष्टीही तपासतात. लेसर केले असेल, तर ते विसाव्या वर्षानंतरचे आणि किमान १२ महिने जुने हवे. शस्त्रक्रियेचे कागद फेकू नका. कानातला मळ आधी काढून घ्या. अपात्र ठरवले तर अपिलाची मुदत हातात दिलेल्या कागदावरच असते, ती तिथेच उभ्या उभ्या वाचा.

निवड झाल्यावर हैदराबादजवळ दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत प्रशिक्षण असते. सुरुवात पिलाटस पीसी-७ विमानावर. उड्डाणाइतकेच वजन जमिनीवरच्या तयारीला आहे: चेकलिस्ट आणि आणीबाणीतल्या कृती तोंडपाठ लागतात. पुढे लढाऊ, वाहतूक आणि हेलिकॉप्टर अशा वाटा फुटतात. उड्डाण प्रशिक्षणातून एकदा कमी केलेल्याला फ्लाइंगसाठी पुन्हा अर्ज करता येत नाही.