नीड, नेस्ट आणि खुडूक कोंबडी

खुडूक झालेल्या कोंबडीला आपण अंड्यांवर 'बसवतो'. पाटीत पेंढा, त्यावर अंडी, आणि पुढचे २१ दिवस ती दाणा-पाण्यापुरतीच उठते. इंग्रजी 'नेस्ट' या शब्दाच्या पोटात हेच बसणे आहे.

संस्कृत आणि इंग्रजीच्या सामाईक पूर्वज भाषेतले त्याचे मूळ रूप भाषाशास्त्रज्ञ 'निस्दोस्' असे मांडतात. 'नि' म्हणजे खाली, 'सद्' म्हणजे बसणे. संस्कृत 'नीड', म्हणजे घरटे, याच रूपातून आला. त्यातला 'स्' आधी मऊ होऊन 'झ्'सारखा झाला, 'इ'च्या शेजारामुळे मूर्धन्य, म्हणजे 'ट-ड'सारखा जीभ टाळूकडे वळवून उच्चारला जाणारा बनला, पुढच्या 'द'चा त्याने 'ड' केला आणि मग स्वतः गळून गेला. जाताना ऱ्हस्व 'नि'ची दीर्घ 'नी' झाली. इंग्रजी ज्यांत मोडते त्या जर्मनिक भाषांत 'स्' टिकला, पण 'द'चा 'ट' झाला. दोनचे 'टू' आणि दहाचे 'टेन' होतात तेही याच नियमाने. 'सदन' आणि 'सिट' हीसुद्धा याच धातूची लेकरे. विश्वभारतीच्या 'यत्र विश्वं भवत्येकनीडम्' या ब्रीदातले नीड ते हेच.

म्हणून ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एसीच्या युनिटमागे कबुतराने टाकलेल्या चार काड्यांना कोणी गबाळे म्हणू नये. दोन अंडी आणि साधारण १८ दिवस बसायला तेवढे पुरते. गुळगुळीत पत्र्यावर मात्र सुट्या काड्या सरकतात आणि अंडे घरंगळते. पिल्ले निघाली की त्यांची विष्ठा वाळून काड्या सांधल्या जातात, तेव्हा कुठे घरट्याला मजबुती येते.

सुगरणीचे उलटे. पावसाळ्यात गवताच्या नाहीतर ताडा-माडाच्या पात्यांच्या चिरफळ्या आणून नर खोपा विणतो. त्यासाठी ५००पर्यंत फेऱ्या होतात. खोपा अर्धा, टोपीसारखा झाला की मादी पाहणी करते. पसंत पडला तरच नर पुढची नळी विणतो, नाहीतर तो तसाच लटकत राहतो. अंड्यांवर बसते ती मादीच.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची घरटी कुठे, असे ऐरोलीत फेरीबोटीवर बसताना हमखास विचारले जाते. २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली ही खाडी त्यांचे जेवणाचे ताट आहे. वीण होते कच्छच्या रणात. तिथे ते चिखलाचा बुटका शंकू रचतात, माथ्यावर खळगा करून एकच अंडे घालतात, आणि लांब पाय दुमडून नर-मादी आळीपाळीने जवळजवळ महिनाभर त्यावर बसतात.