टाच खोटं बोलत नाही, पण सांगते काय?

पाठीवर उताणं पडा. कुणाला तरी दोन्ही टाचांखाली तळहात ठेवायला सांगा आणि उजवा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचला. त्याच क्षणी डावी टाच खालचा तळहात दाबते. तुम्ही ती मुद्दाम दाबलेली नसते. एक पाय उचलायचा तर दुसऱ्यानं रेटा द्यायचा, हे शरीर आपसूक करतं.

अमेरिकेत क्लीव्हलँडला काम करणाऱ्या डॉ. चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ मध्ये यातूनच एक तपासणी बसवली. डावा पाय लुळा पडलाय, टाच दाबताच येत नाही, असं सांगणाऱ्या माणसाला फक्त उजवा पाय उचलायला लावायचं. 'लुळी' टाच घट्ट दाबली गेली, तर मेंदूपासून त्या पायापर्यंतची वाट शाबूत आहे. ना सुई, ना यंत्र. मला ही तपासणी फार सुंदर वाटते. पण हूव्हर यांनी लेखाच्या शीर्षकातच सोंग आणि खरोखरचा 'फंक्शनल' लुळेपणा, म्हणजे नसांना इजा नसताना आणि मुद्दाम न करता आलेला, एका दावणीला बांधले, आणि ती गाठ सुटायला बरीच दशकं गेली.

सोंग ओळखायची धडपड जुनीच. दुसऱ्या शतकात गॅलेननं त्यावर लिहून ठेवलंय. पण सूज दिसते, ताप हाताला लागतो. लुळेपणा, बधिरपणा किंवा फिट यांत बोट ठेवायला काहीच नसतं. म्हणून अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयातल्या मिचेल, मोरहाउस आणि कीन या डॉक्टरांनी गुंगी आणणारं ईथर वापरलं. गुंगी उतरताना, पुरतं भान येण्याआधी, सैनिक 'लुळा' हात हलवतो का, ते पाहायचं. त्यांचा हा लेख १८६४ चा. त्याच वर्षी या तिघांनी गोळीची जखम भरून आल्यावरही होत राहणाऱ्या भयंकर आगीचं वर्णन केलं. बाहेरून न दिसणाऱ्या त्या वेदनेवर त्यांनी विश्वास ठेवला, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मेंदू-नसांचे डॉक्टर शार्को यांनी यंत्रं आणली. हिस्टेरियाच्या (फंक्शनल आजारांना तेव्हा हेच नाव होतं) रुग्णाचा हात आडवा धरायचा, त्याला कंप टिपणारं यंत्र लावायचं, छातीला श्वास नोंदवणारा पट्टा बांधायचा. मग तसाच हात एका धडधाकट माणसाला धरायला लावायचा. थोड्या वेळानं त्याची रेघ थरथरू लागे, श्वास बिघडे. रुग्णाची रेघ मात्र सरळच, म्हणजे ते सोंग नव्हे. त्यांचेच शिष्य बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये तळपायाची खूण मांडली. तळव्याच्या कडेनं बोथट टोक ओढलं की निरोगी मोठ्या माणसाची बोटं खाली वळतात. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारा मार्ग दुखावला असेल, तर अंगठा वर उठतो.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि तपासणीची शिक्षा झाली. फ्रान्समधल्या तूर इथे क्लोव्हिस व्हिन्सेंट हे डॉक्टर वाकलेल्या, थरथरणाऱ्या सैनिकांना विजेचे जबर झटके देत. १९१६ मध्ये एका सैनिकानं उपचार नाकारले आणि त्यांच्यावर हात उगारला. त्याला लष्करी न्यायालयात उभं केलं गेलं. अंगठा खाली वळला, वाट शाबूत निघाली, की माणूस लबाड ठरवायचा, ही तेव्हाची घाई होती. पण वाट शाबूत असणं वेगळं आणि माणूस फसवत असणं वेगळं. टाच दाबली गेली यावरून त्याच्या मनातला हेतू कळत नाही. तो कळायला दुसरेच पुरावे लागतात.

फंक्शनल आजारात लक्ष देऊन केलेली हालचाल अडते आणि आपसूक होणारी सुरळीत होते. म्हणून आता अनेक न्यूरॉलॉजिस्ट हूव्हर यांची खूण रुग्णापासून लपवत नाहीत, त्यालाच दाखवतात. "आता टाच दाबा" म्हटलं की पाय ढिम्म. "आता दुसरा पाय उचला, सगळं लक्ष तिकडे द्या" म्हटलं की तीच टाच डॉक्टरांच्या तळहातात रुतते. रुग्ण चकित होऊन स्वतःच्या पायाकडे बघतो, आणि फिजिओथेरपी तिथून सुरू होते.