कंपोन्माद

दीर्घकाळ भरपूर मद्यपान करणाऱ्याची दारू एकाएकी तुटली किंवा बरीच कमी झाली, की उद्‌भवणारी तीव्र, प्रसंगी प्राणघातक अवस्था. कंप, भ्रम, काळवेळेचे भान सुटणे, घाम, ज्वर व नाडीची जलद गती ही मुख्य लक्षणे. सकाळी ‘उतारा’ घेतला की थांबणारी हातांची थरथर म्हणजे कंपोन्माद नव्हे. ती फार तर त्याची पूर्वसूचना.

या विकाराचे डिलिरियम ट्रेमेन्स हे लॅटिन नाव इंग्लिश वैद्य टॉमस सटन यांनी १८१३ मध्ये वापरले. सॅम्युएल बर्टन पिअर्सन यांचे ‘मेंदूज्वर’ या नावाखालचे वर्णन त्याआधीचे, बहुधा १८०१ च्या सुमाराचे आहे. तेव्हा वर्णनाचा मान पिअर्सन यांना आणि नावाचा सटन यांना देणे सयुक्तिक ठरेल. रक्त काढण्याच्या तत्कालीन उपचाराने हे रुग्ण बिघडतात व अफूने सुधारतात, हे सटन यांचे निरीक्षण नावापेक्षा मोलाचे होते.

कारणाचा वाद मात्र शतकाहून अधिक चालला. दारूचे विष, जीवनसत्त्वांचा अभाव आणि दारू तुटणे असे तीन पक्ष होते. १९५५ मध्ये हॅरिस इझबेल व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे दहा माजी मॉर्फीनव्यसनींना पुरेसा आहार देऊन दारू पाजली व ती अचानक थांबवली. ४८ ते ८७ दिवस प्यायलेल्या सहांपैकी काहींना फेफऱ्यासारखे झटके आले, काहींना उन्माद झाला. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. पण त्यानंतर तिसराच पक्ष ग्राह्य धरला जातो. मेंदूतील रासायनिक संदेशवाहकांपैकी शामक गाबाच्या यंत्रणेला दारू बळ देते व उत्तेजक ग्लुटामेटला दाबते. मेंदू त्याची भरपाई करून घेतो आणि दारू गेली की ती भरपाई बेलगाम होते.

क्रम साधारण ठरलेला असतो : पहिल्या काही तासांत थरथर, सुमारे दोन दिवसांपर्यंत झटके, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उन्माद. रुग्ण अंथरुणावरचे नसलेले किडे वेचतो. वैद्याने रिकाम्या चिमटीत ‘हा दोरा धर’ म्हटले, तर तो धरतो. कोऱ्या कागदावरचा मजकूर वाचून दाखवतो. रुग्ण शिंपी असला, तर हवेत टाके घालतो.

बेंझोडायझेपिन गटातील शामक औषधे, द्रव व क्षार आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) हा उपचार. पूर्वी अशा रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश दगावत; आता वेळेवर उपचार मिळाल्यास प्रमाण ५ टक्क्यांखाली येते. अफूवर्गीय पदार्थ सोडताना यातना अधिक, पण मृत्यू विरळा. बार्बिट्युरेटे ही झोपेची जुनी औषधे मात्र या बाबतीत दारूसारखीच.

सामाजिक बाजूची नोंद तुटक आहे. अटक, अपघात, शस्त्रक्रिया, किंवा घरच्यांनी कोंडून ‘सोडवलेली’ दारू यांनंतर तिसऱ्या दिवशी हा विकार उघडा पडतो आणि कोठडीत तो नाटक समजला जातो. वारंवार सोडून पुन्हा धरणाऱ्यात प्रत्येक खेपेला लक्षणे तीव्र होत जातात, असे १९७८ मध्ये बॅलेंजर व पोस्ट या मनोविकारतज्ज्ञांनी मांडले; झटक्यांपुरता त्यास बराच आधार मिळतो, उन्मादाबाबत मतभेद आहेत.