टाळूला गारठा, कपाळात कळ

उन्हाळ्यात चिकोडी-निपाणीकडच्या रसवंतीवर बर्फ घातलेला उसाचा रस घाईने घशाखाली उतरवला, किंवा बेळगावच्या खडेबाजारात आईस्क्रीमचा मोठा घास एकदम घेतला, की कपाळात सणक जाते, डोळे आपोआप मिटतात आणि थोड्या वेळात सारे निवळते. घरातली वडीलधारी माणसे याचा संबंध सर्दीशी जोडतात. बर्फ आणि सर्दी यांची ही जोडी आपल्याकडे जुनी आहे. बॉस्टनहून जहाजाने आलेला बर्फ १८३३ मध्ये कोलकात्यात उतरला आणि त्यानंतर तो मुंबईतही मिळू लागला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम दिले, तेव्हा यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली होती. १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली असलेल्या आपल्या भागातही हीच समजूत नांदत आली, यात नवल नाही.

या कळेचा सर्दीशी मात्र संबंध नाही. मराठीत तोंडातल्या वरच्या पडद्यालाही टाळू म्हणतात आणि डोक्याच्या माथ्यालाही. या दुखण्यात जे घडते ते जणू या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्येच घडते. बर्फाळ पदार्थ तोंडातल्या टाळूला वा घशाच्या मागच्या भागाला लागला, की तिथल्या रक्तवाहिन्या आधी आकुंचन पावतात आणि मग झपाट्याने फैलावतात, आणि हा बदल टिपणारी, कपाळाच्या संवेदनाही वाहणारी, ट्रायजेमिनल मज्जातंतू मेंदूला इशारा देते. मेंदूला त्या इशाऱ्याचे ठिकाण नेमके ओळखता येत नाही आणि दुखणे कपाळात असल्याचे जाणवते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हृदयविकाराची कळ डाव्या हातात जाणवते, तसलाच हा प्रकार आहे. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या पुढच्या धमनीतला प्रवाह या वेळी वाढतो, असे २०१२ मध्ये मांडले गेले. पण कारणाची उकल अजून पूर्ण झालेली नाही.

वैद्यकाने याची दखल हळूहळू घेतली. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणात या कळेला जागा मिळाली आणि २०१८ च्या आवृत्तीत, थंड पदार्थ दूर केल्यावर १० मिनिटांत थांबणारी डोकेदुखी अशी तिची व्याख्या आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅनडातील शालेय पाहणी: १४५ विद्यार्थ्यांपैकी पाच सेकंदांत आईस्क्रीम संपवणाऱ्या गटात २७ टक्क्यांना डोकेदुखी झाली, तर सावकाश खाणाऱ्या गटात १३ टक्क्यांना. म्हणजे गारव्याइतकाच घाईचाही यात वाटा आहे. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांत ती अधिक आढळते, असेही काही अभ्यासांत दिसले आहे.

उपाय घरगुतीच आहे: घास बाजूला ठेवून जीभ टाळूला दाबून धरावी, किंवा कोमट पाण्याचा घोट घ्यावा.