किनारी समुद्राचे दीर्घकालीन सदृशीकरण

किनाऱ्यालगतच्या समुद्राची पातळी, प्रवाह, तापमान व क्षारता यांत अनेक दशकांत होणारे बदल द्रायुयामिकीची (द्रव व वायू यांच्या गतीच्या शास्त्राची) समीकरणे संगणकावर सोडवून अभ्यासण्याची पद्धत. समुद्राचे चौकटींच्या जाळ्यात विभाजन करून त्यावर वारा, उष्णता व नद्यांचे पाणी यांच्या जुन्या नोंदी लागू करतात आणि होऊन गेलेला काळ पुन्हा घडवून पाहतात.

पद्धतीचा आरंभ भरतीच्या द्विमितीय गणितांपर्यंत मागे नेता येतो. तथापि कर्क ब्रायन यांच्या 1969 मधील त्रिमितीय प्रतिमानापासून (संगणकावरील गणिती प्रतिकृतीपासून) तो धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ब्लमबर्ग व मेलर यांच्या 1987 मधील प्रतिमानात पाण्याचे गणिती थर तळाच्या चढउताराप्रमाणे वळतात. उथळ किनाऱ्यास ही रचना सोयीची असली, तरी खंडान्त उतारावर (उथळ किनारी तळ खोल समुद्राकडे एकदम उतरतो तेथे) दाबाचा फरक काढताना दोन मोठ्या व जवळजवळ समान राशींची वजाबाकी करावी लागते आणि उरलेल्या त्रुटीतून प्रत्यक्षात नसलेला प्रवाह निर्माण होतो. म्हणून प्रथम वारा शून्य ठेवून, एकाच खोलीवर सर्वत्र समान घनता देऊन समुद्र निश्चल राहतो का, हे तपासतात.

चौकट 1 किमी. व खोली 100 मी. असल्यास पृष्ठतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे 31 मी. येतो. एका टप्प्यात तरंगाने एका चौकटीपेक्षा अधिक अंतर कापू नये, यासाठी पृष्ठतरंगाच्या गणिताचा टप्पा 30 सेकंदांच्या आतच ठेवावा लागतो. 30 वर्षांसाठी असे तीन कोटींहून अधिक टप्पे होतात.

कारणे एकमेकांपासून वेगळी काढता येणे हा या पद्धतीचा सर्वांत मोलाचा लाभ होय. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात प्रवाह उत्तरेकडे, म्हणजे स्थानिक वाऱ्याच्या विरुद्ध वाहतो. मॅक्रिअरी व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रतिमानाच्या आधारे बंगालच्या उपसागरातील वाऱ्याचा यातील वाटा दाखविला : तेथे उठलेले केल्विन तरंग (किनाऱ्याला धरून सरकणाऱ्या लांब लाटा) किनारा उजवीकडे ठेवून श्रीलंकेला वळसा घालतात व कोकणापर्यंत पोहोचतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शंकर व शेट्ये यांनी 1997 मध्ये लक्षद्वीपजवळील पातळीच्या चढउताराचा याच तरंगांशी संबंध जोडला. 2016 मधील एका अभ्यासाने मात्र हंगामी पातळीबदलांचे मुख्य श्रेय श्रीलंकेजवळील वाऱ्यांना दिले. दूरस्थ कारणांचे महत्त्व दोन्ही मतांना मान्य असल्याने हा भेद मुख्यतः उगमस्थानाचा मानणे योग्य.

पडताळ्यासाठी मुंबईच्या अपोलो बंदरातील 1878 पासूनच्या भरतीमापकाच्या नोंदी विशेष उपयुक्त आहेत. खाड्यांची स्थिती वेगळी आहे : सुमारे 9 किमी. चौकटीच्या जाळ्यात वाशिष्ठीच्या मुखाशी असलेली दाभोळची खाडी उमटतच नाही. तिच्यासाठी बारीक जाळे व गाळाने बदलणाऱ्या तळाची ताजी मोजणी दोन्ही लागतात.