स्ट्राटा आणि फ्रिटाटा: घरभर माणसं असताना न्याहारीला कोणता लावायचा?

दोन ट्रे शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्हींवर खरपूस भाजलेलं चीज, दोन्हींतून पालक आणि मशरूम डोकावताहेत, आणि दोन्ही चौकोनी तुकडे करूनच वाढायचे. वरवर बघून यातला स्ट्राटा कुठला आणि फ्रिटाटा कुठला हे ओळखता येत नाही. म्हणूनच एकाची कृती वाचून दुसऱ्याचं प्रमाण घेणारे बरेच जण भेटतात. सुरी फिरवली की मात्र फरक कळतो. फ्रिटाटाचा काप आतून सलग पिवळा, जाड ऑम्लेटसारखा असतो. स्ट्राटाच्या कापात पावाचे फुगलेले मऊ थर दिसतात आणि अंडं वेगळं असं दिसतच नाही, ते पावात मुरलेलं असतं.

फ्रिटाटाला अंडं उभं धरतं आणि स्ट्राटाला पाव, एवढाच मूळ फरक. प्रमाण, वेळ, आदल्या रात्रीची तयारी, जास्त माणसांना पुरवण्याची ताकद, बाकी सगळं यातूनच येतं.

नावांतही हे आहे. फ्रिटाटा इटालियन, आणि त्याच्या मुळाशी ‘फ्रिज्जेरे’ म्हणजे तळणे हे क्रियापद आहे. तो जन्मानं तव्यावरचा पदार्थ. स्ट्राटा हा लॅटिन ‘स्ट्राटुम’ म्हणजे थर या शब्दाचं अनेकवचन. भूगर्भशास्त्रात खडकांच्या थरांना वापरतात तोच शब्द.

आता प्रमाण बघा. १२ अंड्यांच्या फ्रिटाटाला १२० मिली दूध किंवा क्रीम पुरतं. कवच काढलेलं अंडं साधारण ५० ग्रॅमचं धरलं तर ६०० ग्रॅम अंड्याला हे दूध पाचवा हिस्सा झालं. स्ट्राटाचं गणित याच्या बरोबर उलट. २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या ट्रेला मी ८ अंडी आणि ७०० मिली दूध घेते, म्हणजे अंड्याच्या पावणेदोन पट दूध. फ्रिटाटात एवढं दूध ओतलं तर तो काही केल्या धरणार नाही, कापल्यावर ताटलीभर पाणी सुटेल. स्ट्राटात ते चालतं, कारण तिथे ४०० ग्रॅम वाळवलेला पाव ते दूध पिऊन घ्यायला बसलेला असतो. भाजताना जे शिजतं ते खरं तर पावाच्या छिद्राछिद्रांत अडकलेलं खारं कस्टर्ड.

दूध जास्त म्हणजे अंड्यातली प्रथिनं विरळ. त्यामुळे त्यांची जाळी जुळायला जास्त तापमान लागतं, पण ती जाळी नाजूक आणि मऊ होते. नुसतं फेटलेलं अंडं साधारण ७३ अंशांना धरतं, दुधाचं मिश्रण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास. याच्या फार पुढे गेलात की प्रथिनं आवळतात आणि धरून ठेवलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. कोरड्या, दाणेदार फ्रिटाटाभोवती पाण्याचं तळं साठतं ते यामुळे. स्ट्राटामध्येही हे होतं, पण सुटलेलं थोडं पाणी पाव परत ओढून घेतो. चूक पोटात घालणारा पदार्थ आहे तो, आणि वीस जण जेवायच्या टेबलाशी येऊन बसलेले असताना असाच पदार्थ हवा.

माझ्याकडे एकदा चोवीस माणसं न्याहारीला होती. मी सोपा हिशेब केला: १२ अंड्यांच्या फ्रिटाटाचं सगळं दुप्पट आणि भांडं खोल. पाऊण तासानं कडा रबरासारख्या झाल्या होत्या आणि मध्यभागी सुरी घातली तर कच्चं अंडं वर आलं. पुढचा अर्धा तास लोक वाट बघत बसले. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. ते असं आहे की उष्णता कडेकडून आत सरकत जाते, आणि जाडी दुप्पट केली की मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ दुप्पट नव्हे, साधारण चौपट होतो. मध्य शिजेपर्यंत कडांचं काय होणार ते ठरलेलंच. माणसं दुप्पट झाली तर ट्रे दुप्पट करायचे, ट्रेची खोली नाही. हा नियम दोन्ही पदार्थांना लागू आहे, पण फ्रिटाटात तो मोडला तर माफी नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. माणसं जास्त म्हणजे कुणी लवकर उठतं, कुणी उशिरा. अंडं जास्त असलेला फ्रिटाटा गरम ठेवून दिला की शिजतच राहतो, कोरडा पडतो, आणि बराच वेळ तसाच राहिला तर हिरवट छटा धरतो. पिवळ्या बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन तो रंग तयार होतो. खाण्याला अपाय नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवताना जीव खट्टू होतो. स्ट्राटा फॉइलखाली अर्धा तास आरामात थांबतो, उलट त्यानं तो अधिक छान कापला जातो.

पण स्ट्राटाची खरी बाजू आदल्या रात्रीची. तो रात्री लावून फ्रीजमध्ये ठेवायचाच असतो, निदान एक तास तरी, आणि आठ ते बारा तास मिळाले तर उत्तम. सकाळी फक्त ओव्हन लावायचा. फ्रिटाटाचं मिश्रण रात्री भाज्यांवर ओतून ठेवलं तर मीठ भाज्यांतलं पाणी ओढून काढतं, भाज्या तळाशी बसतात, अंडं वर राहतं. त्याची फार तर भाजी परतून आणि चीज किसून ठेवता येतं.

म्हणून गर्दीला मी स्ट्राटाच लावते, आणि तो नीट कसा लावायचा हे जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी पाव. ताजा, मऊसूत सँडविचचा ब्रेड घेतला तर रात्रभरात त्याची लापशी होते. जाड कवचाचा, आत घट्ट असलेला पाव घ्या, दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा आणि १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा ते पंधरा मिनिटं वाळवा. ते तांबूस व्हायला नकोत, फक्त बाहेरून कोरडे वाटले पाहिजेत. पाव शिळा झाला की कडक होतो ते त्यातल्या स्टार्चची रचना बदलल्यामुळे, तेव्हा त्यातलं सगळं पाणी गेलेलं असतंच असं नाही. ओव्हनमध्ये वाळवलं की ते नक्की जातं, आणि त्या जागी दूध शिरतं. शिळा पाव मिळाला तरी मी वाळवण्याची पायरी सोडत नाही.

मग सारण, आणि इथेच बहुतेकांचा स्ट्राटा बिघडतो. मशरूम आणि पालक यांत वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, टोमॅटोत त्याहूनही जास्त. ते पाणी ट्रेमध्ये सुटू द्यायचं नाही, आधी कढईत घालवायचं. मशरूम मोठ्या आचेवर, कढईत गर्दी न करता, त्यांचं सुटलेलं पाणी आटून ते तांबूस होईपर्यंत परता. पालक परतून गार करा आणि मुठीत घट्ट पिळा. गोठवलेला असेल तर दोनदा पिळा. टोमॅटोच्या बिया काढून टाका. बटाटा कच्चा घालू नका, तो या वेळात शिजत नाही. सॉसेज किंवा दुसरं कुठलंही मांस पूर्ण शिजवून, चरबी निथळून मगच घाला. रात्रभर थांबणाऱ्या ट्रेमध्ये कच्चं मांस ठेवायचंच नाही. एका ट्रेला सगळं मिळून तीन ते चार कप सारण पुरे. त्याहून जास्त घातलंत तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि तुकडा वाढताना ढासळतो.

चीज २५० ग्रॅम, चवीला ठसठशीत आणि स्वतः किसलेलं. मिश्रणात एक छोटा चमचा मीठ, चीज आणि सॉसेज खारट असतील तर अर्धाच. मिरी आणि थोडी मोहरीची पूड मी हमखास घालते, मोहरीनं चीजची चव खुलते.

ट्रेला लोणी लावून अर्धा पाव, त्यावर सारण, मग चीज, मग उरलेला पाव. अंड्या-दुधाचं मिश्रण हळूहळू, सगळीकडे फिरवत ओता आणि हातानं किंवा पसरट चमच्यानं हलकेच दाबा. वरचे तुकडे कोरडे राहिले तर ते भाजताना टोस्ट होतात आणि आतलं कस्टर्ड त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तासाभरानं पुन्हा एकदा दाबा. मूठभर चीज शेवटासाठी बाजूला ठेवा. झाकून फ्रीजमध्ये.

सकाळी ट्रे काचेचा असेल तर फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, एकदम बदललेल्या तापमानानं काच तडकू शकते. ओव्हन तापेपर्यंत, वीस-तीस मिनिटं, ओट्यावर राहू द्या. १७५ अंशांवर तीस मिनिटं फॉइल झाकून, मग फॉइल काढून, राखलेलं चीज पसरून आणखी वीस-पंचवीस मिनिटं. मध्य फुगून वर आला आणि ट्रे हलवल्यावर डुचमळत नसेल तर झालं. थर्मामीटर असेल तर शंकाच नको. अंड्याच्या पदार्थाला ७१ अंश हा सुरक्षिततेचा किमान आकडा आहे, मी मध्यभागी ७६-७७ दिसल्यावर बाहेर काढते, राहिलेलं शिजणं ओट्यावर होतं. पंधरा मिनिटं थांबा, मगच कापा. या वेळात फुगलेला भाग खाली बसतो. त्यात काही चुकलेलं नसतं, आतली वाफ निवली इतकंच.

अशा एका ट्रेचे बारा तुकडे होतात. चोवीस जणांना, सोबत फळं किंवा सॅलड असेल तर, दोन ट्रे पुरतात. दोन्ही एकाच वेळी लावले तर अर्ध्या वेळेनंतर वरचा खाली, खालचा वर करा आणि दहा मिनिटं जास्त धरा. बाहेर काढल्यानंतर दोन तासांत उरलेलं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा लोण्यावर दोन्ही बाजूंनी परतला तर मला तो पहिल्या दिवसापेक्षा जास्त आवडतो.

यावरून फ्रिटाटा कमी प्रतीचा असं कृपा करून समजू नका. सहा-आठ माणसं, हाताशी अर्धा तास आणि रात्रीची काहीच तयारी नाही, तेव्हा त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. ओव्हनमध्ये चालणाऱ्या २५ सेंटिमीटरच्या तव्यात ८ अंडी, दोन कपांपेक्षा जास्त सारण नको. कडा तव्यावर धरल्या की ओव्हनमध्ये सरकवायचा आणि मध्य किंचित थरथरत असतानाच काढायचा. जास्त माणसांना हवाच असेल तर तो पातळ करा: ३३ बाय ४६ सेंटिमीटरच्या, काठ असलेल्या बेकिंग ट्रेमध्ये १२ अंडी, १७५ अंशांवर पंधराएक मिनिटं. पातळ असल्यामुळे कडा आणि मध्य जवळजवळ एकदमच धरतात. तो कोमटही छान लागतो.

आणि गर्दी म्हटली की गहू न चालणारं कुणीतरी बहुधा निघतंच. त्यांच्यासाठी स्ट्राटाच्या शेजारी असा एक पातळ फ्रिटाटा ठेवतेच मी. त्याचा ट्रे, त्याची सुरी आणि त्याचा उलथणा वेगळा ठेवायचा, पावाचा कणही तिकडे जाता कामा नये. दोन्ही वरून सारखेच दिसणार, म्हणून प्रत्येक ट्रेपुढे ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा: ‘यात पाव आहे’, ‘यात पाव नाही’.